एका परक्या क्रियापदाची रूपे

माझी सारी हयात मुलांकडून धातू चालवून घेण्यात गेली. जुन्या अकरावीची मॅट्रिक एवढीच माझी शाळेतील मजल. त्यापलीकडची पुंजी म्हणजे वडिलांजवळ केलेली लघुकौमुदी आणि पुढे नोकरी करता करता दिलेल्या संस्कृतच्या परीक्षा. तेवढ्या भांडवलावर पस्तीस वर्षे फळ्यावर तीन पुरुष आणि तीन वचने यांचे कोष्टक काढीत आलो. आता वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एक परका धातू मला स्वतःलाच चालवावा लागला. त्याने मला जे शिकविले ते वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर एकत्र कुटुंबाचे. थोरले बंधू वारल्यापासून घरातील वडीलकीचा मान मजकडे आला. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, गेली नऊ वर्षे व्हिएन्नास नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने तेथेच विवाह केला. मुलगी सर्बियातील नोवी साद ह्या शहरची. डॅन्यूब नदी व्हिएन्नावरून वाहत खाली येते ती पुढे ह्याच शहराच्या काठाने जाते. विवाहाचे वृत्त आले तेव्हा मी एक पोस्टकार्डाएवढे उत्तर पाठविले: "पत्र पावले. विवाहाचे वृत्त वाचून आनंद झाला. उभयतांस अनेक आशीर्वाद." त्यानंतर दोन वर्षे मी त्यास पत्र लिहिले नाही. त्याचा दूरध्वनी आला की वहिनी बोलत, आमची मंडळी बोलत, आणि मी देवघरात किंवा अंगणात असे. वहिनींनी मला कधी एका शब्दाने विचारले नाही. त्यांचे ते न विचारणेच मला अधिक लागे.

गेल्या ज्येष्ठात पुतण्याचे पत्र आले. दिवाळीस दोघे येऊ म्हणतात, काकांची परवानगी असावी, असा मजकूर होता. "ती. काकांस सा. न. वि. वि." ह्या त्याच्या वळणदार अक्षराखाली, पानाच्या अगदी तळाशी, निराळ्या हाताने आणि निराळ्या लिपीत एकच ओळ होती. पुतण्याने तिचा उच्चार शेजारी देवनागरीत लिहून दिला होता: "रादुयेम से नाशेम सुस्रेतु." अर्थ मात्र लिहिला नव्हता. काका अर्थ शोधल्यावाचून राहणार नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

माझी नातवंडे म्हणाली, "आजोबा, मोबाइलला विचारू, एका क्षणात सांगेल." सांगितलेही. "आपल्या भेटीकडे मी आनंदाने डोळे लावून आहे", असा काहीसा अर्थ निघाला. परंतु हे भाषांतर झाले. ज्याला आम्ही अन्वय म्हणतो तो नव्हे. कर्ता कोठे, कर्म कोठे, 'से' कोणाचा? मी पुतण्याकडून त्या भाषेचे एक व्याकरण मागविले आणि सारा पावसाळा त्यात घालविला.

त्या भाषेचे नावच आधी सरळ नाही. आमच्या लहानपणी नकाशात युगोस्लाव्हिया नावाचा एक देश असे आणि त्याच्या मुख्य भाषेस सर्बो-क्रोएशियन म्हणत. १८१८ साली वुक कराजिच ह्या शेतकरी कुळातल्या पंडिताने सर्बियन भाषेचा कोश छापला, तो व्हिएन्नातच. १८५० साली सर्ब आणि क्रोएट विद्वान एकत्र बसून दोघांची ग्रांथिक भाषा एक असावी असे ठरविते झाले, तेही व्हिएन्नातच. पुढे १९९१ पासून तो देश फुटला आणि भाषेची सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन व माँटेनेग्रिन अशी चार नावे झाली. तथापि ज्या क्रियापदाविषयी मी लिहीत आहे ते चारही नावांखाली एकच आहे.

मूळ रूप 'रादोवाती से', अर्थ आनंदणे. वर्तमानकाळ असा चालतो: रादुयेम से, मी आनंदतो, रादुयेश से, तू आनंदतोस, रादुये से, तो आनंदतो, रादुयेमो से, आम्ही आनंदतो, रादुयेते से, तुम्ही आनंदता, रादुयु से, ते आनंदतात. ज्याने 'वदामि वदसि वदति' घोकले आहे त्याला हे प्रत्यय अनोळखी वाटणार नाहीत. 'म' हा मि, 'श' हा सि, 'मो' हा मः, 'ते' हा थ. प्रथमपुरुषी एकवचनातला 'ति' मात्र झिजून नाहीसा झाला, आणि अनेकवचनी 'अन्ति'तले अनुनासिक व त जाऊन नुसता 'उ' उरला. द्विवचन त्यांच्याकडे मराठीप्रमाणेच लोपले आहे.

पहिल्या दिवशी मला एक गोष्ट खटकली. मूळ रूपात 'रादोव' आणि वर्तमानात 'रादुय', असे का? मग ध्यानात आले की ही तर आपल्या घरचीच युक्ती. श्रु धातूपासून 'श्रोता' होतो, परंतु 'श्रवण' होताना ओकाराचा अव् होतो. स्तु धातूपासून 'स्तोत्र' होते, परंतु 'स्तवन' होताना तेच. पुढे स्वर आला की जुना संयुक्त स्वर फुटतो, व्यंजन आले की आवळला जातो. त्यांच्याकडेही पुढे 'आ' आला तेथे 'ओव' झाला, आणि 'य' आला तेथे 'उ' राहिला. पाणिनीने जो नियम संस्कृतापुरता बांधला, त्याचाच एक भाऊबंद डॅन्यूबच्या काठी नांदत आहे हे पाहून मी एकटाच मोठ्याने हसलो, तेव्हा आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून "काय झालं हो?" म्हणून विचारले.

ह्या साच्याची क्रियापदे त्या भाषेत पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीचशी नामधातू आहेत. 'पुत' म्हणजे वाट, हा आपल्या 'पंथा'चा सख्खा आप्त. त्यापासून 'पुतोवाती', प्रवास करणे. तसाच 'राद' म्हणजे प्रसन्न, राजी, त्यापासून 'रादोवाती'. 'रादोस्त' म्हणजे आनंद. मुलांमुलींची नावेही ह्या शब्दावरून ठेवतात, रादोवान, रादमिला. जशी आपण आनंद, प्रमोद, नंदिनी ठेवतो.

आता तो 'से'. हा संस्कृत 'स्व' शब्दाच्या गोत्रातला. 'से' काढून टाकला तर 'रादोवाती' म्हणजे दुसऱ्याला आनंद देणे. 'से' जोडला की स्वतः आनंदणे. आपल्याकडे हे काम आत्मनेपद करते. मोदते, रमते ही आनंदाची रूपे आत्मनेपदी आहेत. क्रियेचे फळ कर्त्याकडे वळते, असा त्या पदाचा मूळ भाव. ह्या 'से'ला आणखी एक शिस्त आहे. तो वाक्याच्या आरंभी कधी उभा राहत नाही. पहिला शब्द झाला की लगेच त्याच्यामागे येऊन टेकतो. संस्कृतात मे, ते, नः, वः ह्यांना हाच नियम. वाक्याच्या तोंडी त्यांना जागा नाही.

येथवर सारे गमतीचे होते. पुढे विभक्तीचे प्रकरण आले आणि माझी गंमत संपली.

हे क्रियापद चतुर्थी घेते. परंतु चतुर्थीत आनंदणारा माणूस नसतो. ज्या गोष्टीने आनंद वाटतो ती गोष्ट असते. 'सुस्रेत' म्हणजे भेट, 'सुस्रेतु', भेटीला. "मी भेटीला आनंदते." मराठीत हे नेमके उलटे आहे. आपण म्हणतो, "मला आनंद झाला." येथे कर्ता कोण? आनंद. मी कोठे आहे? चतुर्थीत, एका बाजूला, पाहुणा आल्यावर ओसरीवर बसून राहिलेल्या गृहस्थासारखा. आनंद आपल्या पावलांनी आला तर झाला, न आला तर नाही झाला. मी काहीच केले नाही. आणि पत्रात तर आपण 'मला' हा शब्दही गाळतो. "वाचून आनंद झाला." कोणाला झाला? वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

मी लिहिलेले वाक्य हेच होते. ते व्याकरणाने शुद्ध होते, शिष्टाचाराला धरून होते, आणि खोटे होते. मला आनंद झाला नव्हता. परभाषेतली, परधर्मातली मुलगी, आणि मला पत्राने कळविण्याआधीच झालेला विवाह, ह्याचा मला राग होता. तो राग मी लिहिला असता तरी बरे झाले असते. पुतण्याने उत्तर दिले असते, चार शब्दांनी तो निवळला असता. परंतु मी एका कर्त्याविना वाक्यामागे दडून बसलो आणि दोन वर्षे बाहेर आलो नाही.

मराठीला येथे दोष देणे न्यायाचे नाही. आपल्या भाषेत 'आनंदणे' हे क्रियापद आहे, 'हर्षणे' आहे. आपणच ती कवितेपुरती ठेवून दिली आहेत. आणि त्यांच्या भाषेतही दडून बसण्याची जागा आहे. कोणाची नव्याने ओळख करून दिली की ते म्हणतात, "द्रागो मि ये." शब्दशः, "मला प्रिय आहे." ह्यातला 'मि' म्हणजे आपला 'मे', चतुर्थीतला. ओळखपाळखीच्या प्रसंगी हे वाक्य पुरते, आणि माझी-तिची तर ओळखसुद्धा नव्हती. तिने ते लिहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. तिने प्रत्यक्ष उत्तम पुरुषाचे रूप लिहिले. 'रादुयेम'. त्यातला शेवटचा 'म' म्हणजे 'मी' आहे. तो गाळता येत नाही.

व्याकरणात पुढे आणखी एक भेद सापडला. त्या भाषेत बहुतेक क्रियापदांच्या जोड्या असतात. एक चालू असलेल्या क्रियेचे, दुसरे पुऱ्या झालेल्या क्रियेचे. 'रादोवाती से' हे चालू आनंदाचे. त्याला 'ओ' आणि 'ब' जोडून 'ओब्रादोवाती से' केले की एकदा आनंद होऊन जाणे असा अर्थ होतो. ह्या दुसऱ्या क्रियापदाचे वर्तमानकाळाचे रूप 'मी आता आनंदत आहे' ह्या अर्थी वापरता येत नाही. कारण जे एका ठोक्यात पुरे होते ते चालू कसे असेल? माझे 'आनंद झाला' ह्याच दुसऱ्या जातीचे. पोहोच दिल्यासारखे, शिक्का मारला, खाते बंद. तिचे 'रादुयेम' पहिल्या जातीचे. भेट अजून झालेली नाही, होईल की नाही तेही काकांच्या परवानगीवर; तरी आनंद मात्र आजपासून धरलेला आणि भेटीपर्यंत चालू. आपल्या 'वाट पाहणे' ह्यात डोळे रस्त्याकडे लागलेले असतात, मन सुखी आहे की चिंतातुर ते कळत नाही. ह्या एका रूपात वाटही आहे आणि सुखही आहे.

भूतकाळ शिकताना पुन्हा थोडे हसू आले. पुरुष म्हणतो, 'रादोवाओ साम से'. स्त्री म्हणते, 'रादोवाला साम से'. आपल्या कानाला 'रादोवाला' म्हणजे कोणी फेरीवाला वाटावा. परंतु ते स्त्रीलिंगी रूप आहे, रमा, लता ह्यांच्यासारखे आकारान्त. आणि 'साम' म्हणजे अस्मि. त्याचे अनेकवचन 'स्मो', म्हणजे स्मः. 'स्ते', म्हणजे स्थ. 'सु', म्हणजे सन्ति. 'रादोवाली स्मो से', आम्ही आनंदलो. हे रूप मी वहिनींना वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचं नि आपलं एवढं सारखं आहे, तर मग अडलं कुठं?" मी उत्तर दिले नाही.

भविष्यकाळात मात्र ह्या क्रियापदाच्या वाटा फुटतात. 'आनंदेन' म्हणावयाचे तर इच्छावाचक क्रियापदाचे आखूड रूप 'चु' पुढे येते. सर्ब लोक ते जोडून लिहितात, 'रादोवाचु से'. क्रोएट लोक तोडून लिहितात, 'रादोवात चु से'. बोलताना दोहोंत जवळजवळ काहीच फरक ऐकू येत नाही. सहा रूपांचा वर्तमानकाळ एक, भूतकाळ एक, आणि भविष्यकाळ लिहिताना एका अक्षराचे अंतर. ह्या दोन समाजांत १९९१ साली युद्ध पेटले. डॅन्यूबकाठचे वुकोवार शहर त्याच वर्षी वेढ्यात उद्ध्वस्त झाले. पुढे बोस्नियातील सारायेवो शहराचा वेढा १९९२ पासून १९९६ पर्यंत चालला. व्याकरण सारखे असल्याने माणसे वाचत नाहीत, हे माझ्यासारख्या व्याकरणाच्या मास्तराने तेथे लक्षात ठेवावयाचे.

पुतण्याला मी हे भविष्यकाळाचे प्रकरण दूरध्वनीवर विचारले. दोन वर्षांनी मी आपण होऊन त्याच्याशी बोलत होतो, आणि बोलण्याचा विषय 'चु' जोडावा की तोडावा हा होता. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, तिच्या घरी दोन्ही लिहितात. वडील सर्ब, आई क्रोएट. युद्धाच्या काळात तिच्या मामांनी आईशी बोलणे सोडले. ते पुष्कळ वर्षे बोलले नाहीत." १९९९ च्या एप्रिलात नाटोच्या विमानांनी नोवी सादचे डॅन्यूबवरील तिन्ही पूल पाडले, तेव्हा ती पाच वर्षांची होती. पूल पडल्यावर माणसे नावेतून पलीकडे जात, एवढे तिला आठवते, असे तो म्हणाला. मामांचे बोलणे पुढे सुरू झाले का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. आमच्या घरात युद्ध नव्हते, वेढा नव्हता, कोणाचा पूल कोणी पाडला नव्हता. तरी न बोलणारा एक वडीलधारा होता.

त्या रात्री मी उत्तर लिहावयास बसलो. मराठी मजकूर लवकर लिहून झाला. दिवाळीस अवश्य यावे, माजघरालगतची खोली रंगवून घेतो, वहिनींची प्रकृती ठीक आहे, इत्यादी. खाली तिच्यासाठी एक ओळ लिहावयाची होती. शब्द मी जुळवून ठेवले होते: "रादुयेम से वाशेम दोलास्कु," तुमच्या येण्याला मी आनंदतो. लेखणी उचलली आणि थांबलो. परभाषेत खोटे लिहिणे सोपे असते; शब्दांना आपल्या मनातला काटा ठाऊक नसतो. म्हणून मी आधी तेच मराठीत म्हणून पाहिले, कर्ता न गाळता. "मी आनंदतो आहे." जुन्या पुस्तकातल्यासारखे वाटले. पण म्हणता आले. पूर्ण खरे होते, असे म्हणणार नाही. राग बारा आणे गेला होता, चार आणे शिल्लक होता. परंतु हे चालू क्रियेचे क्रियापद आहे. ते पुरे झालेले असावे अशी त्याची अट नाही.

पत्र पाकिटात घालण्यापूर्वी आमच्या मंडळींनी तिची मूळ ओळ पुन्हा एकदा वाचावयास सांगितली. अर्थ ऐकून त्या म्हणाल्या, "मधल्या शब्दाचा काय अर्थ?" तो शब्द 'नाशेम'. 'नाश' म्हणजे आपल्या 'नाश'शी त्याचा काही संबंध नाही. तो संस्कृत 'नः' ह्याच्या कुळातला, अर्थ 'आमचा'. "आमच्या भेटीला," असे मी सांगितले.

"आमच्या कसं?" त्या म्हणाल्या. "भेट तिची नि तुमची. आपल्या, म्हणा."

खरेच होते. त्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द नाहीत. एकाच शब्दात दोन्ही अर्थ. कोणता घ्यावयाचा ते मराठी माणसाने प्रसंग पाहून ठरवावयाचे असते. तीन महिने मी त्या ओळीतील प्रत्येक प्रत्यय सोडविला, प्रत्येक स्वराची वंशावळ लावली, आणि हा एक शब्द 'आमच्या' म्हणून पुढे गेलो. तिने मला त्यात धरले आहे, हे मला दिसले नाही. मोबाइलनेसुद्धा पहिल्याच दिवशी 'आपल्या' असे सांगितले होते.

असो. घरातील मुलांना आता सहाही रूपे पाठ झाली आहेत; ती जिना चढताना म्हणतात. मी फळ्यावर कोष्टक काढून दिले आहे. उत्तम पुरुषाच्या अनेकवचनासमोर 'आम्ही आनंदतो' असे लिहिले होते, ते पुसून तेथे 'आपण' केले. दोघे नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पोहोचतील, असे पत्र आहे. वहिनींनी चकलीची भाजणी दळून आणली.